दुसऱ्याचं पेन, माझी सरावपुस्तिका

जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी शिकवणारे व्हिडिओ टाकायला लागले तेव्हा लोक लिपीबद्दल कमी आणि पेनबद्दल जास्त विचारायचे. "ताई, हे पेन कुठलं?" "निब कितीची?" "तुमची शाई फुटत नाही, कागद कोणता?" मी साताऱ्यात राहते आणि माझं सगळं लिहायचं सामान पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेलं. चंद्रपूरच्या माणसाला अप्पा बळवंत चौकाचा पत्ता देऊन काय उपयोग? म्हणून तशाच पेनाची ऑनलाइन लिंक द्यायला लागले. ते बघून भाचा म्हणाला, "मावशी, इतक्या लिंका फुकट वाटतेस, अ‍ॅफिलिएटचं खातं तरी काढ, लिंकवरून विक्री झाली की कमिशन मिळेल."

खातं काढायला अर्धा तास लागला. पॅन, बँकेचा तपशील, चॅनेलचा पत्ता, संपलं. अटी मात्र मी नंतर सावकाश वाचल्या, आणि त्या वाचण्यासारख्या असतात. लिंकवर टिचकी मारल्यापासून २४ तासांत माणसाने खरेदी केली तरच आपल्याला कमिशन. (त्या वेळात वस्तू टोपलीत टाकून ठेवली तर ही मुदत वाढते.) पहिल्या १८० दिवसांत निदान तीन खरेद्या झाल्या नाहीत तर खातं बंद. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेलं धरत नाहीत. लिंक पीडीएफमध्ये किंवा ईमेलमध्ये टाकायची नाही. पैसेही लगेच मिळत नाहीत. महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी येतात, आणि तोवर कुणी वस्तू परत केली असेल तर तेवढे वजा होऊन.

महिन्याच्या शेवटी अहवाल उघडायचा हा माझा तेव्हाचा आवडता उद्योग. त्यात वस्तू दिसतात, घेणारा दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत कॅलिग्राफीची पेनं, शाईच्या बाटल्या, भिंगं अशी अपेक्षित यादी होती. मग एका महिन्यात मिक्सर आला. कुणीतरी मोडीतला 'श्री' कसा काढायचा ते पाहिलं, पेनाच्या लिंकवर गेलं, पेन घेतलंच नाही आणि मिक्सर घेतला. लिंकवरून गेलेला माणूस त्या साइटवर जे काही घेईल त्यावर कमिशन मिळतं, हे मला तेव्हा कळलं. त्या मिक्सरने जे दिलं ते महिनाभराच्या सगळ्या पेनांनी मिळून दिलं नव्हतं. तीनशे रुपयांच्या पेनामागे माझ्या हातात पंधरा-वीस रुपये यायचे. मोडीच्या जोरावर मी मिक्सर विकते आहे, असं नवरा सगळ्यांना सांगत सुटला.

पैसे छोटे, पण त्रासही जवळजवळ शून्य. हे मी मुद्दाम सांगते, कारण स्वतःचं काही विकायला लागलेली माणसं अ‍ॅफिलिएटला नंतर फार नावं ठेवतात. माल ठेवायचा नाही, बांधायचा नाही, पोस्टात उभं राहायचं नाही, पावती फाडायची नाही. झोपेतही लिंक काम करते. नोकरी, घर आणि सासूबाईंचं औषधपाणी सांभाळून मी दुसरं काही तेव्हा करूच शकले नसते.

कमिशन घेतो हे सांगायचं की नाही, यावर मात्र विचार करावा लागला. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सर लोकांसाठीची नियमावली २०२१च्या जूनपासून लागू होती, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने वेगळी मार्गदर्शिका काढली. पैशाचा संबंध असेल तर तो ठळक, सोप्या शब्दांत आणि ज्या भाषेत शिफारस करतो त्याच भाषेत सांगायचा, असं त्यात आहे. मी व्हिडिओच्या खाली, लिंकच्या अगदी वर, मराठीत लिहायला लागले : "या लिंकवरून काही घेतलंत तर मला थोडं कमिशन मिळतं. तुमची किंमत वाढत नाही." एका काकांनी खाली लिहिलं, "आज बोहनी झाली का ताई?" दोघांनी चॅनेल सोडलं. बाकी कुणाला काही वाटलं नाही. उलट लिंका वापरणारे थोडे वाढले, कारण काहींना मला चार पैसे मिळावेत असं खरंच वाटत होतं आणि ते कसे द्यायचे हे कळत नव्हतं.

माझं पहिलं खरं खटकणं पेनावरून झालं. मी सुचवलेल्या एका पेनाच्या लिंकवर विक्रेत्याने माल बदलला. चित्र तेच, नाव तेच, निब मात्र खरखरीत, कागद ओरबाडणारी. तक्रारी कुणाकडे आल्या? माझ्याकडे. पैसे मी घेतलेले नाहीत, पेन मी पाहिलेलं नाही, ते बदलून देणं माझ्या हातात नाही. मी लिंक काढली आणि तसं लिहिलं. पण ज्यांनी घेतलं त्यांना गाठून सांगायचं तर ते कोण आहेत हेच मला माहीत नव्हतं.

तरी पुस्तिका काढायचं डोक्यात आलं ते यामुळे नाही. ते आलं २०२३च्या पावसाळ्यानंतर. त्या सप्टेंबरात राज्य सरकारने मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आधी मराठवाड्यापुरतं असलेलं ते काम पुढे राज्यभर गेलं. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, कोतवालबुकं (गावच्या कोतवालाच्या नोंदवह्या), जमिनीचे फेरफार, कितीतरी ठिकाणी मोडी. तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणारी माणसं शोधली जाऊ लागली आणि माझ्या व्हिडिओंवर एकदम वेगळीच माणसं आली. सुंदर अक्षर काढायची हौस असलेली ही मंडळी नव्हती. खिशात आजोबांच्या कागदाचा फोटो असलेली होती. त्यांना पेन नको होतं. "ताई, एवढी एक ओळ वाचता का?" आणि त्यानंतर, "हे आपलं आपल्याला वाचता येण्यासाठी काय घेऊ?"

काय घे म्हणून सांगू? माझ्याकडे लिंक नव्हती. लिहायला शिकवणारं साहित्य होतं. त्यात संगणकाच्या फाँटमधली किंवा एकाच नेटक्या हातातली अक्षरं. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, आली, तिचे फाँट आहेत, चांगले आहेत. पण फाँटवर शिकलेला माणूस खऱ्या कागदासमोर बसला की गांगरतो. कारकुनाने आधी पानभर शिरोरेघ ओढलेली, मग हात न उचलता अक्षरं लटकवलेली. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्ह नाही, अर्धे शब्द संक्षेपात. वर तारीख सुहूर किंवा फसली या जुन्या सनांत. पेशवाईतला हात वेगळा, इंग्रजी अमलातला वेगळा. त्या लोकांना हवी होती ती घाईत लिहिलेली अक्षरं वाचायची सवय, आणि ती विकत मिळेल अशी वस्तू मला तरी सापडत नव्हती. लिंक देणाऱ्याची अडचण इथे येते. कुणीतरी आधी बनवलेलं असेल तेच त्याला दाखवता येतं. प्रश्न माझ्या दारात येऊन उभे होते, उत्तर बाजारात नव्हतं.

म्हणून सरावपुस्तिका. घरच्याच पेटीतले कागद घेतले : पणजोबांचं गहाणखत, एक वाटणीपत्र, सावकाराच्या दोन पावत्या. दुसऱ्याच्या घरचे कागद छापायला परवानगी लागते, दप्तरखान्यातले छापायचे तर वेगळी प्रक्रिया, म्हणून सुरुवात घरच्यांवर. भावकीत एकाने विचारलंच, "वाटणीपत्र छापते आहेस, त्यातली जमीन आता कुणाकडे आहे ते पण छापणार का?" ते पान मी गाळलं. मांडणी अशी ठेवली : डाव्या पानावर कागदाचा मोठा केलेला तुकडा, उजवीकडे वाचकाने लिप्यंतर करायला मोकळ्या ओळी, उत्तरं शेवटी.

हे लिहून व्हायला मला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त छपाईचा कागद ठरवायला लागला. नेहमीच्या सत्तर जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे पुस्तकांच्या साध्या पातळ कागदावर, निबची शाई फुटते आणि पलीकडे उमटते. आर्ट पेपर चकचकीत, त्यावर शाई वाळतच नाही. शेवटी जाड, बिनचकाकीचा कागद घेतला आणि खर्च चढला. बांधणी परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे कण्याला गोंद लावून, केली असती तर देखणी दिसली असती, पण ती पुस्तिका सपाट उघडत नाही आणि लिहिणाऱ्याचा हात मध्ये अडतो. म्हणून सेंटर पिन, घडीवर मधोमध पिना. पुण्याचे छापखानेवाले म्हणाले, "मॅडम, पिन मारलेलं पुस्तक स्वस्त वाटतं, अडीचशे रुपये कोण देणार?" हे लोक अनुभवाने बोलतात, त्यांचं ऐकावंही. पण पुस्तिका कपाटात उभी राहणार नव्हती, मांडीवर उघडणार होती. पन्नास प्रती आधी डिजिटलवर काढल्या, त्या महाग पडल्या. त्या गेल्यावर ऑफसेटवर पाचशे, तेव्हा प्रतीचा खर्च सत्तरच्या आसपास उतरला. पाचशे प्रतींचे गठ्ठे दिवाणखान्यात आले आणि सासूबाईंनी विचारलं, "हे सगळं विकायचंय?"

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतला. तो आपल्याकडे फुकट मिळतो, फक्त कागदपत्रं नीट चढवावी लागतात. आमच्या सीएंनी मात्र वेगळाच प्रश्न काढला : हे पुस्तक की वही? जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या मी जवळपासही नव्हते, तरी त्यांना चैन पडेना. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. अक्षर गिरवायच्या वहीवर तेव्हा १२ टक्के होता (सप्टेंबर २०२५ पासून तोही शून्य झाला). प्रश्न आणि उत्तराला जागा असलेली अभ्यासपुस्तिका पुस्तकांतच मोडते, असं त्यांनी शोधून काढलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी म्हटलं, काका, पन्नास प्रतींसाठी एवढं? तर म्हणाले, पाचशे होतील तेव्हा आठवण येईल.

विक्री कशी करायची यात मी तीन वाटा पाहिल्या. मोठ्या साइटवर टाकली, नुसती पुस्तकं विकणाऱ्याला तिथे जीएसटी क्रमांक लागत नाही. पण त्यांचं कमिशन, विक्रीमागचं शुल्क आणि वाहतूक कापून माझ्या हातात जे उरलं ते पाहून काढून घेतली. पीडीएफ विकून पाहिली. छपाई नाही, पोस्ट नाही, सगळाच नफा. आठवड्यात एका व्हॉट्सअ‍ॅप गटावरून एका सद्गृहस्थांनी माझीच पीडीएफ मला पाठवली : "ताई, हे बघा, फार उपयोगी आहे, तुमच्या विद्यार्थ्यांना द्या." मी आभार मानले. दुसरं काय करणार? तेव्हापासून फक्त छापील.

उरली तिसरी वाट : यूपीआयवर पैसे, व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता, पोस्टाने पुस्तिका. यूपीआयला विकणाऱ्याकडून काही कापत नाहीत, हा लहान माणसाला फार मोठा आधार आहे. पोस्टाचं गणित मध्येच बिघडलं. रजिस्टर्ड बुक पोस्टने पुस्तक स्वस्तात आणि नोंदणीकृत जायचं. २०२४च्या डिसेंबरात ती सेवा बंद झाली. पुढचे काही महिने स्पीड पोस्ट किंवा कुरिअर, म्हणजे अडीचशेच्या पुस्तिकेवर पाठवणीचाच खर्च डोळ्यांत यायचा. १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू झालं : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. जातं जमिनीवरून, त्यामुळे गडचिरोलीला वेळ लागतो, पण माग काढता येतो. त्यातून पाठवायच्या पुस्तकात जाहिरात चालत नाही आणि प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. मी शेवटच्या पानावर पेनांच्या लिंकांची यादी देणार होते. ती राहिली ते बरंच झालं.

आता हिशेब. अडीचशेत छपाई, पाकीट, पोस्ट, खराब निघालेल्या प्रती धरून मला सव्वाशे-दीडशे उरतात. म्हणजे एक पुस्तिका आठ-दहा पेनांच्या कमिशनएवढी. हे ऐकून भाचा म्हणाला, मग लिंका बंदच कर. पण त्याने वेळ धरला नव्हता. पत्ता अर्धवट असतो, पिनकोड चुकतो, कुणी पैसे भरून नावच कळवत नाही. रात्री साडेदहाला फोन : "मॅडम, पान बारावरचा तिसरा शब्द लागत नाही." लिंक माझ्याशी रात्री बोलत नव्हती.

त्या फोनांचा मला आधी वैताग यायचा. पण पुढची आवृत्ती त्यांनीच घडवली. जालन्याहून, बीडहून येणारे सांगायचे, "तुमच्या पुस्तिकेत गहाणखत आहे, आमच्याकडे कोतवालबुक आहे. त्यात वाक्यं नाहीत, नुसते रकाने." खरंच होतं. साताऱ्याचं खत वाचता आलं म्हणून मराठवाड्यातला रकाना वाचता येत नाही. त्यांच्यातल्याच एकाने स्वतःच्या घराण्याचा उतारा आनंदाने छापायला दिला, नावं झाकून. दुसऱ्या आवृत्तीत जन्म-मृत्यूच्या रकान्यांवर वेगळा भाग आला, सुहूर आणि फसली सनाचं कोष्टक आलं, आणि उत्तरं मागून काढून त्याच भागाच्या शेवटी आली कारण दहाजणांनी तेच सांगितलं होतं. मिक्सर घेणाऱ्याने मला कधीच काही सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला अजून टोचते. सगळे म्हणतात की कमिशनवाल्याची जीभ बांधलेली असते आणि स्वतःचं विकणारा मोकळा. माझा अनुभव उलटा आहे. पेन वाईट निघालं तेव्हा मी ते एका वाक्यात वाईट म्हटलं, माझं काय जाणार होतं, वीस रुपये. पण कुणी विचारलं, "ताई, पुढच्या महिन्यात जातपडताळणीची तारीख आहे, पुस्तिका घेऊन तोवर वाचता येईल ना?" की दिवाणखान्यातले गठ्ठे दिसायला लागतात. उत्तर 'नाही' आहे. सरावाला महिने लागतात, आणि कचेरीत तुमचं वाचन कुणी धरत नाही, अधिकृत मोडी वाचकाचं लिप्यंतर लागतं. हे मी सांगते. सांगताना प्रत्येक वेळी थोडं स्वतःला रेटावं लागतं. असं म्हटलं की निम्मे जण पुस्तिका घेत नाहीत, आणि निम्मे तरीही घेतात, कारण काम झाल्यावरही आजोबांचा कागद घरातच राहणार असतो.

लिंका मी बंद केल्या नाहीत, कमी केल्या. भिंग आणि एक पेन, एवढंच, आणि दोन्ही दर काही महिन्यांनी स्वतः मागवून बघते. बोरू मी कुणाला लिंकवरून सुचवत नाही, तो हातात धरून, कापून बघायचा असतो. पुस्तिकेची मागणी कमी झाली की लिंकांचे ते चार-पाचशे रुपये बरे वाटतात.

आणि मग बाजू फिरली. विदर्भातले एक शिक्षक मोडीचे वर्ग घेतात. त्यांचा निरोप आला : "तुमच्या पंचवीस प्रती लागतील. विद्यार्थ्यांना मीच देईन. मला किती टक्के?" मी फोन हातात धरून बसले. किती टक्के हा प्रश्न आजवर मी विचारत होते. पुण्यातल्या पुस्तकविक्रेत्याने चाळीस टक्के मागितले तेव्हा मला लुटल्यासारखं वाटलं होतं. आता शिक्षकांच्या जागेवरून बघितलं. ते वर्गात पुस्तिका उघडून दाखवणार, तिची भलामण करणार, पैसे गोळा करणार, एखादी प्रत भिजली तर ऐकून घेणार. पेनाच्या विक्रेत्यासाठी मी यातलं निम्मंही केलं नव्हतं. दुसरीकडे, माझ्या शंभर व्हिडिओंमुळे त्यांच्या गावातला एकही माणूस माझ्यापर्यंत आला नव्हता.

पंचवीस टक्के ठरले, पोस्टाचा खर्च माझा, न खपलेल्या प्रती परत घ्यायची तयारी माझी. एकच अट मी घातली. विद्यार्थी जिथे अडतील ती पानं आणि ते शब्द मला कळवायचे. सर म्हणाले, "त्याचे वेगळे पैसे नकोत का?" पहिल्या यादीत सतरा शब्द होते, त्यातले अकरा एकाच पावतीतले. सावकाराचा हातच तसा होता. पुढच्या छपाईत ती पावती शेवटच्या पानांवर जाणार आहे, आणि तिच्या जागी काय घालायचं ते सर आणि मी अजून भांडून ठरवतो आहोत.